पिक्चरचा अभ्यास असतोय व्हय?

दहावीचा निकाल लागला की कागलात गैबी चौकापासून एसटी स्टँडपर्यंत जो भेटेल तो एकच विचारतो, ‘साईड कुठली घेतलीस?’ उत्तरं ठरलेली. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. नाहीतर मग आयटीआय, कारण पंचतारांकित एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. आता समजा तुम्ही सांगितलंत, ‘मला सिनेमा हा विषय घ्यायचाय.’ काका हसतील. आई म्हणेल, ‘अभ्यासाच्या वेळेला पिक्चरची थेरं नकोत.’ आणि कट्ट्यावरचे दोस्त तर सोडणारच नाहीत, ‘भावा, पिक्चरचा अभ्यास असतोय व्हय? मग आम्ही पीएचडीच झालो की!’

तर दोस्तांनो, असतो. तुमच्याच वयाची मुलं हा विषय घेऊन परीक्षा देतात, त्यात नापासही होतात. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या टप्प्यावर, फिल्म स्टडीज हा विषय घेता येतो. फ्रान्समध्ये लिसेच्या, म्हणजे तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या, मुलांना सिनेमा घेऊन बॅकची परीक्षा देता येते. आपल्या देशातल्या मोठ्या शहरांत आयबी बोर्डाच्या शाळा आहेत. या बोर्डाच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात गणित किंवा भौतिकशास्त्र असतं, तसा ‘फिल्म’ हाही एक विषय असतो. सीबीएसईकडे अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज हा कौशल्य विषय आहे. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत मात्र सिनेमा हा स्वतंत्र विषय नाही. म्हणजे कागलच्या ज्युनिअर कॉलेजच्या वेळापत्रकात त्याचा तास लागायची शक्यता सध्या तरी नाही.

‘मग आम्हाला कशाला सांगताय?’ असं म्हणाल. सांगण्याचं कारण असं की त्या महागड्या शाळांतली मुलं जे सिनेमे समोर ठेवून शिकतात, त्यातले बरेचसे तुमच्या फोनवरही दिसू शकतात. त्यांच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही अशी गोष्ट एकच : सिनेमा कसा बघायचा हे शिकवणारा तास. तो तास आपला आपण लावता येतो का, हे आज बघू.

बघणं वेगळं, वाचणं वेगळं

आधी एक गैरसमज दूर करू. या विषयात तीन तास पिक्चर बघून घरी जायचं नसतं. आयबीच्या एका पेपरचं स्वरूप बघा. विद्यार्थ्यानं एका चित्रपटातला जास्तीत जास्त पाच मिनिटांचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर जास्तीत जास्त १,७५० शब्दांत लिहायचं. पाच मिनिटांवर एवढं? हो. कारण ‘स्टोरी काय आहे’ हे तिथं कुणी विचारतच नाही. कॅमेरा कुठे ठेवलाय आणि तिथंच का ठेवलाय? उजेड कुठून येतोय? चौकटीत कोण मधोमध आहे आणि कोण कोपऱ्यात ढकललंय? कट कधी झाला? आवाज कशाचा आहे, आणि कुठे मुद्दाम आवाजच ठेवलेला नाही? या सगळ्यामुळे बघणाऱ्याच्या मनात काय तयार होतं? हे प्रश्न असतात. दुसऱ्या एका कामात दोन चित्रपटांची तुलना करणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा असतो. शिवाय स्वतः शूट करायचं, एडिट करायचं आणि कोणता निर्णय का घेतला ते लिहून द्यायचं.

हे वाचताना मराठीच्या पेपरातलं रसग्रहण आठवलं ना? आहेच तसं. कवितेत शब्द असतात, इथं शॉट असतात. कवितेचं रसग्रहण आपण शाळेत वर्षानुवर्षं शिकतो, आणि दिवसात कविता वाचतो किती? व्हिडिओ मात्र दिवसभर बघतो, पण तो वाचायचा कसा हे कुणीच शिकवत नाही.

खरं तर सिनेमा तुमच्या अभ्यासात एकदा येऊन गेलाय. २०१८ साली आलेलं दहावीचं इतिहासाचं पुस्तक आठवा. त्यात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हे प्रकरण होतं. त्यात दादासाहेब फाळके येतात, आपले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर येतात. आपण काय केलं? नाव, साल, टीप लिहा, पाठ करा, पुढे चला. सिनेमाबद्दल शिकलो, पण सिनेमाची एक चौकट काही वर्गात कुणी थांबवून दाखवली नाही.

दोन कागलकर

आता जरा आपल्या गावाकडे येऊ. सिनेमाच्या अभ्यासासाठी पुण्या-मुंबईकडे तोंड करून बसण्याआधी हे माहीत असू द्या.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत सुरू झालेलं हे काम आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी पुरं केलं. पण कॅमेरा असून भागत नाही, पैसा लागतो. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायला ज्यांनी पैसा दिला त्यांचं नाव होतं तानीबाई कागलकर. याच कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. पुढे याच कंपनीत काम शिकलेले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. पुण्यातल्या त्याच प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, तीच आजची एफटीआयआय. देशभरातली मुलं जिथं प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात, त्या संस्थेच्या जागेचा इतिहास मागे मागे नेला तर तो कोल्हापुरात येऊन थांबतो.

हे झाले पडद्यामागच्या कागलकर. दुसरे कागलकर पडद्यावर आहेत : गुणा कागलकर. ‘नटरंग’मधला गुणा.

‘नटरंग’ तुम्ही बघितलेला असणार, किमान त्यातल्या लावण्यांवर गॅदरिंगला नाच तरी बघितला असेल. १ जानेवारी २०१० रोजी आलेला, रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा डॉ. आनंद यादव यांच्या कादंबरीवर बेतलाय. आणि आनंद यादव कोण? आपल्या कागलचे. त्यांचं ‘झोंबी’ हे आत्मकथन १९८७ साली आलं, १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतात राबायला लावणारा बाप आणि काहीही करून शाळेत जायचंच म्हणणारा मुलगा, यांची ती गोष्ट. तो मुलगा पुढे पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला. कागलच्या मातीतली माणसं, त्यांची भाषा, त्यांचा तमाशा त्यानं कागदावर आणला, म्हणून तो पडद्यावर येऊ शकला. लिहिता येत नसतं तर गुणा कुणाला भेटलाच नसता.

एक खोपट, एक अंग

आता एक नमुना म्हणून आपण खरोखरच ‘तास’ घेऊ. दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवू.

पहिला, बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’, साल १९२५. सावकाराच्या पायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची गोष्ट. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. दुसरा, ‘नटरंग’. शेतावर मजुरी करणारा, कुस्तीचं आणि तमाशाचं वेड असलेला गुणा. मालकाच्या विहिरीवर पंप बसतो आणि मजुरांचं काम जातं. मग गुणा तमाशाचा फड काढतो. फडात नाच्या हवा अशी अट येते, कुणी तयार होत नाही, शेवटी राजाची भूमिका करायची स्वप्नं बघणारा हा पैलवान स्वतःच नाच्या होतो.

दोन्ही गोष्टींत जवळजवळ ८५ वर्षांचं अंतर आहे. पण मुळाशी घडतंय काय? मातीत राबणाऱ्या माणसाचा मातीशी असलेला संबंध तुटतो आणि त्याला दुसरंच कुणीतरी व्हावं लागतं. एकजण गिरणी कामगार होतो, एकजण नाच्या.

इथपर्यंत झाली स्टोरी. आता खरा प्रश्न : हे तुटणं डोळ्यांना कसं दाखवलं?

१९२५ चा सिनेमा मूकपट. पात्रं रडून-ओरडून सांगू शकत नाहीत. तो मूकपट आज आपल्याला बघायला मिळत नाही, आपल्याकडचे बहुतेक मूकपट असेच नाहीसे झाले. पण निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी त्यातलं एक दृश्य लक्षात ठेवलं आणि पुढे लिहून ठेवलं : मंद उजेडात उदास दिसणारं एक खोपट, आणि रडणारा कुत्रा. बस्स. त्या चौकटीत शेतकरी नाही, सावकार नाही, कागदावर अंगठा नाही. तरीही घर बसल्याचं कळतं. उजेड कमी केला, माणूस काढून टाकला आणि एक कुत्रा ठेवला, हा दिग्दर्शकाचा निर्णय होता. बघणाऱ्याला ते दृश्य अनेक वर्षं विसरता आलं नाही, ही त्या निर्णयाची कमाई.

‘नटरंग’मध्ये हेच काम एका माणसाचं अंग करतं. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. सुरुवातीला गुणा कसा उभा राहतो, किती जागा व्यापतो, ते बघा. नंतर खांदे, मान, हात, चाल काय काय बदलतं ते बघा. कोल्हापुरी माणसाला पैलवानाच्या अंगाची किंमत सांगावी लागत नाही. ते अंगच समोर वितळताना दिसतं, तेव्हा गुणानं काय गमावलं हे संवादाशिवाय कळतं.

झालं की नाही रसग्रहण? यात कुठलाही अवघड शब्द नव्हता. दोन प्रश्न होते फक्त : काय दाखवलं, आणि त्यानं काय झालं?

याचा उपयोग काय?

हा प्रश्न घरातून येणारच, आणि तो रास्त आहे. सिनेमा शिकून लगेच कुणी नागराज मंजुळे होत नाही. मग?

पहिलं उत्तर तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. कागलला लोक राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. निवडणूक लागली की काय होतं? नेत्याची स्लो-मोशनमध्ये एन्ट्री. कॅमेरा खालून वर बघतोय, म्हणजे माणूस आहे त्यापेक्षा उंच दिसतोय. मागे ढोल. तीन सेकंदांचा एक शॉट गर्दीचा, तोही असा जवळून घेतलेला की पन्नास माणसं पाच हजार वाटावीत. वीस सेकंदांत तुमच्या अंगावर काटा येतो आणि तुम्ही ती रील पुढच्या ग्रुपवर टाकता. सिनेमा वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी तिथं एक क्षण थांबते. ढोल काढला तर काय उरतं? कॅमेरा मागे नेला तर गर्दी किती? क्रीम विकणारी जाहिरात, ऑनलाइन पैसे लावायला सांगणारा इन्फ्लुएन्सर, जाती-धर्मावरून भडकवणारा कापून-जोडून केलेला व्हिडिओ, सगळीकडे हेच हत्यार वापरलं जातं. आपल्यावर ते चालवलं जातंय हे कळणं, हा काही छोटा फायदा नाही.

दुसरं उत्तर : आपल्या गावाची गोष्ट कोण सांगणार? उसाच्या फडातली, एमआयडीसीच्या शिफ्टमधली, दूधगंगेच्या काठची, निपाणीकडून येताना कानडी-मराठी मिसळून बोलणारी. बाहेरून येऊन कुणी सांगेल तेव्हा ‘आमच्याकडं असं नसतंय’ म्हणत बसण्यापेक्षा, ती सांगायची भाषा आपल्याला आलेली बरी. आनंद यादव यांनी लेखणीनं ते केलं.

तिसरं उत्तर करिअरचं, आणि इथं खरं बोलू. एफटीआयआयच्या मोठ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते; बऱ्याच अभ्यासक्रमांना ही पदवी कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे आत्ता सायन्स-कॉमर्स-आर्ट्स काहीही घेतलंत तरी सगळी दारं बंद होत नाहीत. उलट साउंडला भौतिकशास्त्र उपयोगी पडतं, पटकथेला मराठी, निर्मितीला हिशेब. ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी बारावीनंतर जनसंवाद आणि ललित कलांचे पदवी अभ्यासक्रम आहेत. एफटीआयआयचे चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रमही असतात, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पण ‘कॉलेज सोडून मुंबई’ हा बेत करू नका. आणि अॅक्टर बनवतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

आठ शनिवारांचा अभ्यासक्रम

विषय वेळापत्रकात नाही, मग आपणच लावू. चार-पाच जण जमवा. मुली-मुलगे दोन्ही असू द्या, कारण एकच दृश्य दोघांना वेगळं दिसतं आणि तिथंच चर्चा पेटते. एक वही, एक फोन, जमलं तर कुणाच्या तरी घरचा टीव्ही. एखाद्या सरांना किंवा मॅडमना विचारा, शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग मिळेल का.

शनिवार १ : ‘नटरंग’ची कुठलीही पाच मिनिटं. एकदा आवाज बंद करून बघा. एकदा स्क्रीन झाकून नुसतं ऐका. मग दोन्ही एकत्र. तिन्ही वेळा काय कळलं ते वेगवेगळं लिहा.

शनिवार २ : प्रत्येकानं आवडती एक रील आणायची. कट मोजायचे. सगळ्यात लांब शॉट किती सेकंदांचा? तिथंच का थांबले?

शनिवार ३ : कुलेशोवचा प्रयोग. शंभरएक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव यानं एका नटाचा तोच चेहरा सूपच्या वाटीला, शवपेटीला आणि एका स्त्रीच्या चित्राला जोडून दाखवला. लोकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. तुम्ही मित्राचा कोरा चेहरा शूट करा. तो मिसळीच्या ताटाला जोडा, मग निकालाच्या कागदाला, मग रिकाम्या खाटेला. वर्गाबाहेरच्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, ‘हा काय विचार करतोय?’

शनिवार ४ : ‘नटरंग’ कादंबरी आणि सिनेमा. वाचनालयात कादंबरी शोधा. सुरुवात आणि शेवट तरी वाचाच. काय ठेवलं, काय बदललं, बदलानं गुणा मोठा झाला की सोपा?

शनिवार ५ : प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६. दामले आणि फत्तेलाल या कोल्हापुरात घडलेल्या जोडीचा सिनेमा, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. तुकाराम विठ्ठलाचं बघतो, जिजाई संसाराचं. कॅमेरा कुणाच्या बाजूचा आहे, यावर दोन गट पाडून भांडा.

शनिवार ६ : नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात, तो प्रसंग. डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर रंगवलेली डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांच्यासह समाजसुधारकांची चित्रं. आणि शेवटचा दगड, जो थेट कॅमेऱ्याकडे येतो. तो कुणाला लागला, हे प्रत्येकानं एका वाक्यात लिहायचं. वाचून दाखवायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

शनिवार ७ : पिक्चर नाही. घरातल्या किंवा गल्लीतल्या वयस्कर माणसांना विचारा, त्यांनी पहिला सिनेमा कुठे बघितला? तंबूत की थेटरात? कुणासोबत? बायकांना जायला मिळायचं का? फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. हा तुमच्या गावचा सिनेमाचा इतिहास आहे, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही.

शनिवार ८ : तीन मिनिटांची फिल्म. संवाद एकही नाही, बाहेरचं संगीत नाही. विषय : ‘काम’. जयसिंगराव तलावावर, बाजारात, कारखान्याच्या गेटवर, आईच्या स्वयंपाकघरात, कुठेही. ज्याला शूट करताय त्याला आधी विचारा.

आठ शनिवारांनंतर मार्कशीट मिळणार नाही. पण वहीत निदान पंधरा-वीस पानं भरलेली असतील, तीन मिनिटांची एक फिल्म असेल आणि एखाद्या मुलाखतीत ‘तुझा छंद काय?’ असं विचारल्यावर ‘चित्रपट बघणे’ याच्या पुढचं एक वाक्य तुम्हाला बोलता येईल. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचा चित्रपट महोत्सव भरतो, तिथं जाऊन बसायला आणि नंतर प्रश्न विचारायला धीर येईल. आणि तुमच्या कॉलेजात फिल्म क्लब सुरू करा असा अर्ज द्यायचा झाला, तर सोबत जोडायला ती वही असेल. नुसत्या मागणीपेक्षा केलेलं काम दाखवलं की प्राचार्यांनाही ‘नाही’ म्हणणं जड जातं.

तर येत्या शनिवारी वही घ्या. पहिल्या पानावर सिनेमाचं नाव आणि तारीख टाका. ‘नटरंग’ लावा आणि आवाज बंद करा. घरातलं कुणीतरी विचारणारच, ‘आवाज गेलाय काय रं?’ त्यांनाही शेजारी बसवा आणि विचारा, ‘बघून सांगा, तो आत्ता काय म्हणत असंल?’